गाडी किलोमीटरवर भाड्याने लावताय? आधी मीटर वाचायला शिका

माझी पहिली लांबची ट्रिप पंढरपूरची. पार्टी लिंबजवळच्या एका वाडीतली, मी राहतो साताऱ्यातल्या गोडोलीत. दर ठरला होता, ॲडव्हान्स घेतला होता, सगळं कसं छान. रात्री परत आल्यावर मी मीटर बघून सांगितलं, "३४१ किलोमीटर झाले." घरातल्या मुलानं लगेच मोबाईल काढला. "काका, जाऊन-येऊन २८० दाखवतंय." मी म्हटलं, शिंगणापूरला वाकडी वाट कोणी करायला लावली? पंढरपुरात पार्किंग शोधत चकरा मारल्या त्या कोणाच्या खात्यात? आणि गोडोलीतून तुमच्या दारापर्यंत गाडी काय उडत आली? खरी अडचण अशी होती की यातलं काहीच मी निघण्याआधी बोललो नव्हतो. शेवटी ३०० वर तोडपाणी झालं. डिझेल ३४१ चं जळलं होतं.

ही गोष्ट पाच वर्षांपूर्वीची. त्यानंतर साताऱ्यात आणि मेहुण्याबरोबर सांगलीत मिळून आम्ही तीन गाड्या चालवल्या, एक विकली. हा धंदा नव्यानं करू पाहणारे बरेच जण फोन करतात आणि पहिला प्रश्न हमखास एकच असतो: "किलोमीटरला किती लावू?" तो प्रश्न पाचवा आहे. त्याच्या आधी चार आहेत. म्हणून हे सगळं ओळीनं लिहितोय.

१. पाटी पांढरी आहे की पिवळी?

घरची पांढऱ्या पाटीची गाडी "ओळखीतल्यांना डिझेल टाकून वर थोडे पैसे" म्हणून देणारे आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत. करू नका. पैसे घेऊन प्रवासी नेले की मोटार वाहन कायद्याच्या कलम ६६ प्रमाणे परमिट लागतं. विनापरवाना सापडलात तर कलम १९२-अ खाली पहिल्याच वेळी १०,००० रुपये दंड, आणि कैदेचीही तरतूद आहे. पण दंडापेक्षा मोठी भीती विम्याची. खासगी गाडीच्या पॉलिसीत "भाड्याने वापर नाही" असं स्पष्ट लिहिलेलं असतं. घाटात काही झालं आणि मागे बसलेल्यानं "आम्ही भाड्यानं आलो होतो" असं सांगितलं, की क्लेम अडकलाच म्हणून समजा.

पिवळ्या पाटीच्या गाडीला हे कागद लागतात:

– आरसी (त्यावर ट्रान्सपोर्ट नोंद असलेली)
– टुरिस्ट परमिट
– फिटनेस: गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी, पुढे दरवर्षी
– प्रवासी वाहनाचा विमा, त्यात प्रवाशांची जोखीम धरलेली आहे ना ते वाचून घ्या
– टॅक्स भरल्याची पावती, पीयूसी
– गाडीच्या नंबरला आणि वर्गाला जुळणारा फास्टॅग
– ट्रॅकर आणि पॅनिक बटण चालू असल्याचा कागद
– चालवणाऱ्याचं लायसन्स

लायसन्सबद्दल गोंधळ फार आहे. हलक्या वाहनाच्या लायसन्सवर ७,५०० किलोपर्यंतचं ट्रान्सपोर्ट वाहन चालवता येतं, हे सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानं नोव्हेंबर २०२४ मध्ये पक्कं केलं. तरी नाक्यावर कोणी बॅज, म्हणजे टॅक्सीवाल्याचा आरटीओचा बिल्ला, विचारलाच, तर हुज्जत घालू नका.

पांढरी गाडी पिवळी करता येते, त्यासाठी आरटीओत अर्ज करावा लागतो. साताऱ्याची एमएच-११, कराडची एमएच-५०, सांगलीची एमएच-१०, ज्याची गाडी त्यानं आपल्या कार्यालयात जायचं. गाडीवर कर्ज असेल तर बँकेची ना-हरकत आधी घ्या, नाहीतर खिडकीवरून परत येऊन पुन्हा रांग.

२. जुनी गाडी घेताय? मीटरवर विश्वास ठेवू नका

या भागाला मी सगळ्यात जास्त वेळ देणार आहे, कारण मी इथेच आपटलो.

आमची दुसरी गाडी जुनी घेतली. मीटरवर ७२,००० आणि काही. आतून चकाचक, सीटला नवं कव्हर, वास सुद्धा नव्या गाडीचा. घरी आणून आठवड्यानं डॅशबोर्डचा कप्पा पूर्ण बाहेर काढून साफ करत होतो, तर मागे अडकलेला एक चुरगळलेला कागद निघाला. टायरचं बिल. त्यावर दुकानदारानं पेनानं गाडीचं रनिंग लिहिलं होतं: ९१,४००. तारीख दीड वर्षापूर्वीची. गाडी दीड वर्षात उलटी चालली होती म्हणायची! विकणाऱ्यानं हात वर केले, "आम्हाला मिळाली तशी दिली." लेखी काही नव्हतंच.

पूर्वीच्या आकड्यांच्या चाकांचं मीटर फिरवलं की आकडे वरखाली व्हायचे, एका रेषेत बसायचे नाहीत, डोळ्याला कळायचं. डिजिटल मीटरला तसं काही नाही. गाडीच्या सॉकेटला यंत्र जोडलं की काही मिनिटांत पाहिजे तो आकडा. म्हणून आकडा सोडून बाकी सगळं बघायचं:

– सर्व्हिसचा इतिहास. अधिकृत सर्व्हिस सेंटरला प्रत्येक वेळी रनिंगची नोंद होते. विकणाऱ्यालाच बरोबर घेऊन जा आणि त्याला नोंदी काढायला सांगा. "बाहेर गॅरेजला करायचो" असं उत्तर आलं तर ते खोटंच असेल असं नाही, पण मग भाव त्या हिशेबानं करा.

– टायरवरचे चार आकडे. टायरच्या कडेला लांबट चौकटीत चार अंक असतात. २३२१ म्हणजे २०२१ सालचा २३ वा आठवडा. २०२१ च्या गाडीला २०२४ चे चारही टायर असतील आणि मीटरवर २८,००० असेल, तर पहिले टायर कुठे गेले ते विचारा. स्टेपनीही बघा, ती बहुतेक वेळा मूळचीच असते.

– पायाखाली बघा. क्लच आणि ब्रेकच्या पॅडलचं रबर, स्टिअरिंगवर हात ठेवायची जागा, गिअरची मूठ, ड्रायव्हर सीटची दाराकडची कड, ड्रायव्हरच्या काचेची बटणं, सीटबेल्टच्या कडा. ४०,००० चाललेल्या गाडीचं पॅडल गुळगुळीत होत नाही. आणि पॅडलचं रबर कोरं करकरीत नवं असेल तर त्याहून जास्त संशय घ्या.

– दाराच्या खांबावर किंवा बॉनेटखाली ऑईल बदलल्याचे स्टिकर. काढायला विसरतात.

– फास्टॅगचं स्टेटमेंट. विकणाऱ्याच्या ॲपमध्ये निघतं. "गाडी फक्त साताऱ्यात भाजी आणायला" म्हणणाऱ्याच्या स्टेटमेंटमध्ये आनेवाडी आणि खेड-शिवापूरचे टोलनाके आठवड्यातून चार वेळा दिसले, की पुढे काही विचारायची गरज राहत नाही.

– स्कॅनर. बऱ्याच नव्या गाड्यांत रनिंगचा आकडा डॅशबोर्डशिवाय दुसऱ्या एखाद्या कंट्रोल युनिटमध्येही साठतो. फिरवणारा घाईत फक्त डॅशबोर्डचा बदलतो. चांगला वायरमन स्कॅनर लावून दोन्ही आकडे दाखवतो. त्याच्या कामाचे पैसे द्या, ते पैसे वाया जात नाहीत.

साधा गुणाकारही करा. टुरिस्टला लागलेली गाडी महिन्याला चार हजार आरामात पळते. चार वर्षांच्या पिवळ्या पाटीच्या गाडीवर ६०,००० दिसत असतील तर मालकानं एकतर धंदाच केला नाही किंवा मीटरचा धंदा केला.

एमपरिवहन ॲपवर नंबर टाकून नोंदणीची तारीख, कितवा मालक, बोजा, विमा, पीयूसी बघून घ्या. चलनं थकली असतील तर तीही विकणाऱ्यानं भरायची. आणि सौदा ठरला की गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या होतातच, पण त्याबरोबर साध्या कागदावर एक ओळ लिहून घ्या: "आज रोजी मीटर अमुक किलोमीटर दाखवत असून ते माझ्या माहितीप्रमाणे खरे आहे", खाली सही. ज्याच्या मनात काही आहे तो ही सही करताना अडखळतो. त्या अडखळण्यावरूनच मी नंतर एक सौदा सोडला.

३. तुमचं मीटर खरं बोलतं का?

रिक्षा-टॅक्सीचं मीटर वैधमापनवाले तपासतात, सील लावतात. तुमच्या डॅशबोर्डवरच्या मीटरला असं कोणी तपासत नाही, आणि पैसे मात्र तुम्ही त्याच्यावरच घेणार. तर स्वतः तपासा. खर्च शून्य.

हायवेवर किलोमीटरचे दगड असतात, मध्ये दर २०० मीटरला छोटे. जिथे कामं चालू नाहीत, वळणरस्ता काढलेला नाही, असा सरळ पट्टा निवडा. सातारा–कागल सहापदरीकरणात बरेच दगड गायब झालेत किंवा जागा सोडून पडलेत, त्यामुळे ओळीनं दगड दिसतील तोच पट्टा घ्या. सकाळी लवकर, टायरमध्ये हवा बरोबर भरून, एका दगडाशी ट्रिप मीटर शून्य करा आणि २० किलोमीटरनंतरच्या दगडाशी वाचा. शेजारी कोणीतरी बसवा, चालवता चालवता वाचू नका. २०.० आलं तर नशीबवान. २०.४ आलं तर मीटर दोन टक्के जास्त दाखवतंय, म्हणजे ३०० च्या ट्रिपला तुम्ही सहा किलोमीटर फुकटचे घेताय. १९.६ आलं तर तितकेच सोडताय.

हा फरक बहुतेक वेळा टायरमुळे येतो. मीटर रस्ता मोजत नाही, चाकाचे फेरे मोजतं. १८५/६५ आर १५ मापाच्या टायरचा व्यास साधारण ६२१ मिलिमीटर. "गाडी जरा भरदार दिसते" म्हणून कोणी १९५/६५ घातले तर व्यास ६३४ होतो, दोन टक्के मोठा. चाक एका फेऱ्यात जास्त जमीन कापतं, फेरे कमी होतात आणि मीटर कमी दाखवतं. ३०० खरे चाललात तर मीटरवर २९४. गाडी दिसायला भरदार आणि मालक वर्षभर दोन टक्के तोट्यात. उलट, झिजलेले टायर व्यासानं लहान होतात आणि मीटर दीड-दोन टक्क्यांपर्यंत पुढे पळू शकतं. म्हणून टायर बदलले की दगडाची परीक्षा पुन्हा.

एक सांगून ठेवतो, स्पीडचा काटा खऱ्या वेगापेक्षा थोडा जास्त दाखवतो. तो मुद्दाम तसा ठेवलेला असतो. त्यावरून अंतराचं मीटरही पुढे पळतं असा अर्थ काढू नका.

आणि मोबाईलचं काय? पार्टी हटकून मोबाईल दाखवते. निघताना मॅप दाखवतो तो रस्त्याचा अंदाज. प्रत्यक्षात चहाला हॉटेलात आत घेतलेली गाडी, चुकलेलं वळण, चुकलेला फाटा त्यात नसतो. चालताना मोजणारी ॲप असतात, पण ती ठरावीक वेळानं बिंदू घेऊन सरळ रेघा जोडतात, त्यामुळे पसरणी किंवा यवतेश्वरसारख्या वळणाच्या घाटात अंतर कमी भरतं. शिवाय जाण्याचा आणि येण्याचा रस्ता नेहमी एकच असतो असंही नाही. साताऱ्याहून पुण्याला जाताना खंबाटकीचा बोगदा आणि येताना घाट, ही तर वर्षानुवर्षांची रीत. हे पार्टीला भांडणात समजावता येत नाही, निघण्याआधी हसत हसत समजावता येतं.

४. ॲव्हरेज काढा, ऐकू नका

कंपनीचा आकडा प्रयोगशाळेतला. विकणारा सांगतो तो बाजारातला. तुम्हाला पाहिजे तुमच्या रस्त्यावरचा.

पंपावर पहिला कट पडेपर्यंत, म्हणजे नोझल आपोआप बंद होईपर्यंत, टाकी भरा. वर "अजून पन्नासचं बसतं" म्हणत ओतू देऊ नका. ट्रिप मीटर शून्य करा. किमान ३०० किलोमीटर चालवा, मग त्याच पंपावर, शक्यतो त्याच नोझलला, पुन्हा पहिल्या कटपर्यंत भरा. ४१२ किलोमीटर चालले आणि २५.६ लिटर बसलं, तर ॲव्हरेज १६. डॅशबोर्डवर स्क्रीन जे ॲव्हरेज दाखवते ते माझ्या गाडीत नेहमी एक-दीडनं जास्त असतं.

हे तीनदा करा: हायवेला, एसी लावून सात माणसांसह महाबळेश्वरला, आणि साताऱ्या-सांगलीच्या गावातल्या गावात. तिन्ही आकडे वेगळे येतील. दर काढताना मधला धरा, घाटाची ट्रिप घेताना सगळ्यात खालचा.

५. तुम्हाला एक किलोमीटर केवढ्याला पडतो?

आता वही काढा. खालचे आकडे निव्वळ उदाहरणाचे आहेत, हिशेब सोपा व्हावा म्हणून गोल केलेत. तुमचे तुम्ही घाला.

चालती गाडी:
– डिझेल १०० रुपये लिटर, ॲव्हरेज १६: ६.२५
– चार टायर २४,००० चे, ४०,००० किलोमीटर टिकतात: ०.६०
– ऑईल-सर्व्हिस १०,००० किलोमीटरला ६,०००: ०.६०
– क्लच, सस्पेन्शन, बॅटरी यासाठी बाजूला: १.००
एकूण ८.४५ रुपये.

उभी गाडी, महिन्याला: हप्ता १४,०००, विमा-टॅक्स-परमिट-फिटनेस मिळून ६,०००, ड्रायव्हर १५,०००. एकूण ३५,०००. हे पैसे गाडी दारात असली तरी जातात.

महिन्याला ३,५०० किलोमीटर झाले तर उभ्या गाडीचा बोजा किलोमीटरला १० रुपये, ५,००० झाले तर ७. म्हणजे खर्च १८.४५ किंवा १५.४५. नवखा माणूस १५.४५ बघून "अठरा लावतो, अडीच सुटतात" म्हणतो. थांबा. ५,००० पैकी पार्टीच्या बिलात आले किती? पुण्याला सोडून रिकामं परत, गॅरेजला नेणं, पंपावर नेणं, आपल्याच बहिणीला स्टँडवर सोडणं. समजा बिलात आले ४,२००. खर्च मात्र ५,००० चाच: चालतीचे ४२,२५० आणि उभीचे ३५,०००, मिळून ७७,२५०. भागिले ४,२००. येतात १८.३९. अठरानं धंदा करणारा दर किलोमीटरला ३९ पैसे खिशातून घालतोय आणि महिनाभर गाडी बिझी आहे म्हणून खूश आहे.

हा हिशेब मला मिरजेच्या एका जुन्या ड्रायव्हरकाकांनी शिकवला, सिगारेटच्या पाकिटाच्या मागे. मी कॉमर्सचा पदवीधर.

६. दर सांगताना या गोष्टी तोंडानं बोला

"किलोमीटरला अमुक" एवढं सांगून फोन ठेवणं म्हणजे भांडणाचं आमंत्रण. माझी यादी अशी:

कुठून कुठपर्यंत. गॅरेज टू गॅरेज, म्हणजे गाडी माझ्या दारातून निघते तेव्हा मीटर सुरू आणि माझ्या दारात येते तेव्हा बंद. पार्टीला हे पटत नसेल तर त्यांच्या दारापासून मोजा, पण मग दर तसा लावा. दोन्ही चालतं, न बोलणं चालत नाही.

रोजचे किमान किलोमीटर. बाहेरगावच्या ट्रिपला आपल्याकडे बहुतेक जण दिवसाला ३०० धरतात, काही २५०. दोन दिवसांची ट्रिप म्हणजे ६००, मग गाडी ४२० चालली तरी. लोकांना हा अन्याय वाटतो. त्यांना सांगायचं, गाडी आणि ड्रायव्हर दोन दिवस तुमच्यासाठीच अडकून आहेत. पण जवळच्या ट्रिपला हा नियम रेटू नका. साताऱ्याहून कासला फुलं बघायला जाणारा माणूस पन्नास-साठ किलोमीटर फिरून येतो, त्याला ३०० चं बिल सांगितलं तर तो आयुष्यात परत फोन करणार नाही. तिथे ८ तास ८० किलोमीटरचं पॅकेज सांगा, आणि वरच्या तासाला किती, वरच्या किलोमीटरला किती, हेही.

दिवस म्हणजे काय? हा सगळ्यात बेरकी मुद्दा. या धंद्यात दिवस रात्री बाराला बदलतो. रात्री दहाला मुंबई विमानतळासाठी निघालात आणि दुसऱ्या दिवशी दुपारी परत आलात, तर कॅलेंडरनं दोन दिवस झाले आणि किमान ६०० लागले. पार्टीच्या मते ते एका दिवसातच परत आले. मी स्वतः रात्रीच्या ट्रिपला निघाल्यापासून २४ तास धरतो. तुम्ही काहीही धरा, पण आधी सांगा.

ड्रायव्हरचा भत्ता आणि रात्रीचा मुक्काम वेगळा. जेवण पार्टीकडे की भत्त्यात, हे स्पष्ट करा. ड्रायव्हर कुठे झोपणार हेही विचारा. महाबळेश्वरच्या जानेवारीत गाडीत झोपलेल्या माणसाकडून सकाळी पसरणी उतरवून घ्यायची नसते.

टोल, पार्किंग, राज्याबाहेरचा टॅक्स पार्टीकडे. गोकर्ण, विजापूर, हुबळी अशा ट्रिपला हे विशेष बोला, सांगलीवाल्यांना तर कर्नाटक रोजचंच.

हे सगळं फोनवर बोलून झालं की तेच व्हॉट्सॲपवर पाठवा आणि "ठीक आहे" असं उत्तर आल्यावरच ट्रिप पक्की समजा.

७. टोलचा हिशेब

टोल हाही मुळात किलोमीटरवरचाच पैसा आहे, फक्त तो नाक्यावर गोळा होतो. राष्ट्रीय महामार्गांच्या २००८ च्या नियमांत कार-जीपला किलोमीटरला ६५ पैसे असा मूळ दर आहे आणि तो दर १ एप्रिलला वाढत जातो. नाका ओलांडला की त्या नाक्याच्या वाट्याच्या पूर्ण पट्ट्याचे पैसे, मग तुम्ही अर्ध्यातूनच वर चढलेले असा. सप्टेंबर २०२४ मध्ये नियम बदलून उपग्रहानं अंतर मोजून टोल घेण्याची वाट मोकळी केली गेली, त्यात तसं यंत्र बसवलेल्या गाडीला दिवसाचे पहिले २० किलोमीटर माफ आहेत. पण देशभर ते लगेच सुरू करण्याचा निर्णय नाही, असं केंद्रानं एप्रिल २०२५ मध्ये स्पष्ट केलं. आपल्या खिशाचा संबंध सध्या फास्टॅगशीच.

साताऱ्याहून पुण्याला दोन नाके: आनेवाडी, खेड-शिवापूर. कोल्हापूरला दोन: तासवडे, किणी. सांगलीहून पेठ नाक्यामार्गे पुण्याला तीन: तासवडे, आनेवाडी, खेड-शिवापूर. त्याच नाक्यावरून २४ तासांत परत आलात तर जाणं-येणं मिळून दुप्पट नाही, दीडपट कापले जातात. बरेच नवे मालक सवयीनं दुप्पट लावतात. एखादी पार्टी ॲप दाखवायला सांगते, आणि त्या पन्नास रुपयांपायी बाकीच्या बिलावरचाही विश्वास उडतो. टोल जसा कापला तसा दाखवा.

१५ ऑगस्ट २०२५ पासून ३,००० रुपयांचा फास्टॅग वार्षिक पास आला, २०० फेऱ्या किंवा एक वर्ष. तो फक्त खासगी कार-जीप-व्हॅनला. पिवळ्या पाटीला मिळत नाही. "पास काढा की, आम्हाला टोल कशाला" म्हणणारा एक तरी भेटेल, त्याला हे सांगा.

८. गाडी ड्रायव्हरला किलोमीटरवर दिली तर

काही मालक पगार न देता गाडी ड्रायव्हरकडेच सोपवतात: डिझेल त्याचं, भाडं त्याचं, मालकाला चाललेल्या प्रत्येक किलोमीटरमागे ठरलेले रुपये. पद्धत चांगली आहे, कारण ड्रायव्हर गाडी स्वतःची समजून चालवतो. पण आता मीटर हीच तुमची तिजोरी झाली.

जुन्या गाड्यांत स्पीड सेन्सरची वायर काढली की मीटर थांबतं आणि गाडी चालत राहते. नव्या गाड्यांत असं केलं की डॅशबोर्डवर दिवे लागतात. दर आठवड्याला मीटरचा क्लोजिंग (शेवटचा) आकडा, ट्रॅकरचं अंतर आणि फास्टॅगचे मेसेज शेजारी ठेवून बघा. ट्रॅकर आणि मीटरमध्ये दोन-तीन टक्के फरक असणारच, तेवढ्यावरून माणसाला चोर ठरवू नका.

गाडी तुमच्या पगारी ड्रायव्हरकडे असेल तर ॲव्हरेज हीच पहारेकरी. नेहमी १६ देणारी गाडी अचानक १२ वर आली तर तीनपैकी एक: घाटाच्या ट्रिपा वाढल्या, गाडीत बिघाड आहे, किंवा काही किलोमीटर मीटरवर आलेच नाहीत. चौथी शक्यता डिझेल विकल्याची. मी एकदा सरळ चौथ्यावर उडी मारली आणि निघालं काय, तर मागचा ब्रेक धरून बसला होता. पोराची माफी मागितली, तरी दोन महिन्यांनी तो सोडून गेला.

९. ट्रिप शीट, फोटो आणि मोठ्यानं वाचणं

छापील पुस्तक आणा, कार्बनचं. नसेल तर शाळेची वही. प्रत्येक पानावर: तारीख, पार्टीचं नाव, गाडी नंबर, निघताना वेळ आणि स्टार्टिंग किलोमीटर, परतल्यावर वेळ आणि क्लोजिंग किलोमीटर, टोल, पार्किंग, भत्ता, ॲडव्हान्स, सही. मध्ये पार्टीनं ठरल्यापेक्षा वेगळीकडे वळवलं तर तिथेच एक ओळ: "शिंगणापूर, पार्टीच्या सांगण्यावरून". ट्रिप मीटर धरू नका, ते कोणाच्याही बोटानं शून्य होतं. खालचं मोठं, पूर्ण रनिंगचं मीटर लिहा. निघताना आणि पोचल्यावर मीटरचा फोटो काढून पार्टीच्या व्हॉट्सॲपवर तिथल्या तिथे टाका.

मिरजेच्या काकांनी यात एक भर घातली होती: आकडा आपण वाचायचा नाही, पार्टीला वाचायला लावायचा, मोठ्यानं. स्वतःच्या तोंडानं वाचलेल्या आकड्याशी माणूस सहसा भांडत नाही.

ती लिंबची पार्टी कार्तिकीला पुन्हा आली. या वेळी दारात गाडी उभी करून मी घरातल्या आजोबांना पुढे बोलावलं. त्यांनी खिशातून चष्मा काढला, स्टिअरिंगमधून वाकून बघितलं आणि अख्ख्या वाडीला ऐकू जाईल असं वाचलं, "एक लाख चार हजार, दोनशे सोळा!" नातवानं फोटो काढला. परतल्यावर ३३८ झाले होते. आजोबांनी वजाबाकी स्वतः केली, हातचा एक विसरले, मीच त्यांना तो दाखवला. त्या एकाने बिल माझ्या बाजूनं दहा किलोमीटरनं वाढलं होतं.